स्त्रीचें नागरिकत्व : महाडची कसोटी

महाड शहरांतलें चवदार तळें आज सर्वांना खुलें आहे. कोणीहि पायऱ्या उतरावें आणि पाण्याला हात लावावा. कोणी अडवीत नाहीं. एवढ्या साध्या गोष्टीसाठीं केवढा काळ खर्ची पडला, हें त्या स्थिर पाण्याकडे पाहून ध्यानांत येत नाहीं. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेकौन्सिलानें सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशानें बांधलेल्या वा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यांतील विहिरी, तळीं, धर्मशाळा, शाळा व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य मानलेल्या वर्गांस करूं द्यावा, असा तो ठराव होता. त्यास अनुसरून जानेवारी १९२४ मध्यें महाडच्या नगरपालिकेनें आपलें तळें खुलें केल्याचें आपल्या दप्तरांत लिहिलें. लिहिलें गेलें आणि दप्तर मिटलें. पुढें तीन वर्षें तो ठराव कागदावरच राहिला. अधिकार होता, पण त्या अधिकारानें पाणी पिण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

२० मार्च १९२७ रोजीं डॉ. भीमराव आंबेडकर यांच्यामागून हजारो लोक त्या तळ्यावर गेले व त्यांनीं ओंजळीनें पाणी घेतलें. त्याच दिवशीं त्यांना गांवांत मार बसला. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत नगरपालिकेनें आपलाच ठराव मागें घेतला. प्रकरण न्यायालयांत गेलें. आणि तें तळें नगरपालिकेचें आहे, त्यावर एका वर्गाचाच वहिवाटीचा हक्क असल्याचें सिद्ध झालेलें नाहीं, असा निर्णय मुंबईच्या हायकोर्टानें १७ मार्च १९३७ रोजीं दिला. कौन्सिलाच्या ठरावापासून हायकोर्टाच्या निकालापर्यंत साडेतेरा वर्षें लोटलीं होतीं.

नागरिकत्व म्हणजे काय, हें शिकविणारा याहून चांगला धडा महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल. अधिकाराला तीन दारें ओलांडावीं लागतात. पहिलें दार कायद्याच्या कलमाचें, दुसरें दप्तरांतल्या नोंदीचें आणि तिसरें प्रत्यक्ष उंबरठ्याचें. पहिलें दार उघडलें कीं पुढारी समाधान मानतात, वृत्तपत्रें अभिनंदन करतात, आणि उरलेलीं दोन दारें बंदच आहेत हें कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. स्त्रीच्या नागरिकत्वाचा प्रश्न बहुतेक देशांत असाच दुसऱ्या व तिसऱ्या दारापाशीं अडकून पडलेला आहे. महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांकडे आणि तेथील माणसें पोटासाठीं जेथें जातात त्या अरबी राज्यांकडे एकाच दृष्टीनें पाहिलें, तर ही अडचण कोणा एका धर्माची वा एका देशाची नाहीं, हें स्पष्ट होईल.

डिसेंबर १९२७ मध्यें महाडला दुसरी परिषद भरली. मंडपासाठीं सवर्ण हिंदूंपैकीं कोणी जागा देईना. तेव्हां फत्तेखान नांवाच्या एका मुसलमान गृहस्थानें ती दिली. अध्यक्षपदावरून बोलतांना डॉ. आंबेडकरांनीं या परिषदेची तुलना १७८९ सालच्या फ्रेंच राष्ट्रसभेशीं केली. ही तुलना एका बाबतींत महाडच्याच पारड्यांत जाते. फ्रान्सनें मानवी हक्कांचा जाहीरनामा १७८९ मध्यें काढला खरा. परंतु त्या देशांतील स्त्रियांना मताचा अधिकार मिळण्यास १९४४ साल उजाडावें लागलें. महाडच्या परिषदेला स्त्रिया हजर होत्या, आणि परिषदेच्या अखेरीस त्यांच्यासाठीं स्वतंत्र भाषण झालें. मुलींना शिकवा, मेलेल्या जनावराचें मांस घरांत येऊं देऊं नका आणि ज्या लुगड्याच्या नेसणीवरून व ज्या दागिन्यांवरून तुमची जात लांबून ओळखूं येते, ती नेसण व ते दागिने टाकून द्या, असा त्या भाषणाचा आशय होता. लगेच अनेक स्त्रियांनीं आपली नेसण बदलली.

लुगड्याच्या नेसणीचा नागरिकत्वाशीं काय संबंध, असें एखाद्यास वाटेल. संबंध अगदीं निकटचा आहे. गुडघ्यापर्यंत खोंचलेलें लुगडें आणि हातांतले जाड कथलाचे गोठ हें त्या स्त्रीच्या अंगावर समाजानें लिहून ठेवलेलें ओळखपत्रच होतें. ती कोण, तिनें कोठें थांबावें, कोणाला वाट द्यावी, हें तें ओळखपत्र न बोलतां सांगत असे. तें पुसून टाकणें म्हणजे आपली ओळख आपण ठरविणें होय; आणि स्वतःची ओळख स्वतःच्या नांवानें दप्तरांत असणें, हीच नागरिकत्वाची पहिली पायरी आहे.

येथें मराठी घरांतल्या एका जुन्या चालीची आठवण होते. लग्न लागल्यावर ताटांत तांदूळ पसरून त्यांत अंगठीनें वधूचें नवें नांव लिहिण्याची पद्धत अनेक घराण्यांतून चालत आली आहे. आडनांव तर बदलतेंच. वडिलांचें नांव जाऊन त्या जागीं पतीचें येतें. आणि कित्येकदां आईबापांनीं ठेवलेलें स्वतःचें नांवहि बदलतें. पुढें ती स्त्री पतीचें नांव घेत नाहीं, घेतलेंच तर उखाण्यांतून घेते; आणि तिला स्वतःला गांव ओळखतो तें अमक्याची बायको, तमक्याची आई म्हणून. ही चाल प्रेमाची असेल, कौतुकाचीहि असेल. पण सरकारी दप्तराला कौतुक समजत नाहीं. त्याला एक नांव लागतें आणि तें आज जें आहे तेंच उद्यां असावें लागतें.

१९५१-५२ सालच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनें ही गोष्ट फार कठोरपणें दाखवून दिली. घटनेनें प्रत्येक प्रौढ स्त्रीला मत दिलेलें होतें. परंतु याद्या करणारे लोक घरोघर गेले, तेव्हां उत्तरेकडील अनेक प्रांतांत स्त्रियांनीं आपलीं नांवें सांगितलीं नाहींत. अमक्याची पत्नी, तमक्याची मुलगी एवढेंच सांगितलें. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहींत. सुमारे २८ लक्ष स्त्रियांचीं नांवें मतदारयादींतून गेलीं. हातांत आलेलें मत केवळ नांव नाहीं म्हणून गेलें. आयुक्तांची शिस्त कडक होती, पण ती योग्य होती. कारण पुढच्या निवडणुकांत त्याच स्त्रिया आपल्या नांवांनिशीं यादींत आल्या.

मुंबई इलाख्यांत स्त्रियांना मताचा अधिकार त्याआधीं तीस वर्षांपूर्वींच मिळाला होता. १९१७ मध्यें हिंदी स्त्रियांचें शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलें. त्यानंतर आलेल्या साउथबरो समितीनें, समाज सनातनी आहे, वेळ आलेली नाहीं, अशा कारणांवरून ही मागणी नाकारली. अखेर निर्णय प्रांतिक कौन्सिलांवर सोंपविण्यांत आला, आणि १९२१ मध्यें मद्रासपाठोपाठ मुंबईच्या कौन्सिलानें स्त्री म्हणून असलेली अपात्रता काढून टाकली. पण मत होतें मालमत्तेवर. आणि मालमत्ता होती पुरुषाच्या नांवावर. १९३५ च्या कायद्यानें मतदार स्त्रियांची संख्या वाढविली. तीहि बऱ्याच अंशीं ठराविक मालमत्ता असलेल्या पुरुषाची पत्नी वा विधवा म्हणून, किंवा लिहितांवाचतां येतें म्हणून. म्हणजे दार उघडलें, तरी त्याची किल्ली पतीच्याच खिशांत राहिली. समाज सनातनी आहे म्हणून थांबा, हें वाक्य तर पुढें अनेक देशांत पुन्हां पुन्हां ऐकूं आलें.

आतां पोलादपुराकडे वळावें. सावित्रीच्या वरच्या अंगाला, महाबळेश्वरच्या घाटाच्या पायथ्याशीं वसलेला हा डोंगराळ तालुका. भाताचे लहान लहान तुकडे, उतारावर नाचणी आणि वरी. पीक कुटुंबाला वर्षभर पुरेल याची शाश्वती नाहीं. म्हणून येथील पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईला गेला, गिरणींत व गोदींत राबला आणि मनीऑर्डर पाठवीत राहिला. मागें शेत कोणीं केलें? राब भाजणें, लावणी, बेणणी, कापणी, डोक्यावरून पाणी व लांकूडफांटा आणणें, हें सारें स्त्रीनें केलें. पण सात-बाराच्या उताऱ्यावर खातेदार म्हणून नांव आहे तें बहुधा सासऱ्याचें, दिराचें किंवा मुंबईंत असलेल्या नवऱ्याचें. पीककर्ज काढावयाचें, अतिवृष्टीची नुकसानभरपाई मागावयाची, तर विचारणा होते ती खातेदाराची. नवरा वारला आणि वारसनोंद वेळेवर झाली नाहीं, तर ज्या मातींत तिनें चाळीस पावसाळे काढले, त्या मातीशीं दप्तराच्या दृष्टीनें तिचा कांहींच संबंध उरत नाहीं.

कायदा मात्र पुष्कळ पुढें गेलेला आहे. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें विधवेला व मुलीला वारसा दिला. १९९२ मध्यें महाराष्ट्र शासनानें लक्ष्मीमुक्ति योजना काढून पतीच्या संमतीनें पत्नीचें नांव सात-बारावर लावण्याची सोय केली. १९९४ मध्यें महाराष्ट्रानें आणि २००५ मध्यें सर्व देशानें मुलीला मुलाप्रमाणेंच जन्मतः एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत सहदायाद मानलें. २००५ सालीं वडील हयात नव्हते म्हणून मुलीचा हा हक्क बुडत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं स्पष्ट केलें. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें शिधापत्रिकेवर घरांतील वडीलधाऱ्या स्त्रीला कुटुंबप्रमुख मानलें. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलाच्या नांवांत महाराष्ट्रांत आईचें नांव वडिलांच्या नांवाआधीं लिहावें लागतें. पहिलें दार असें एकेक करून उघडत गेलें. तथापि लक्ष्मीमुक्ति नवऱ्याच्या मर्जीवर राहिली, आणि मुलीच्या सहदायाद-हक्काला एका लहानशा कागदानें गांठलें. त्या कागदाचें नांव हक्कसोडपत्र.

सावित्रीच्या खालच्या अंगाला चित्र थोडें निराळें आहे. महाड शहरांत आणि खाडीकांठच्या गांवांत कोंकणी मुसलमानांचीं जुनीं घराणीं आहेत. पूर्वीं हे लोक बोटींवर खलाशी म्हणून जात. १९७० नंतर तेलाच्या पैशानें अरबी राज्यें भरभराटलीं, तेव्हां कोंकणांतला तरुण कुवेत, सौदी अरेबिया, बहारीन, कतार येथें जाऊं लागला. पोलादपूरच्या घरांत मुंबईची मनीऑर्डर, तसा या घरांत आखाताचा ड्राफ्ट. त्या घरांतल्या स्त्रीवर दोन राज्यांच्या कायद्यांची छाया पडते: एक ती राहते त्या देशाची आणि दुसरी नवरा राबतो त्या देशाची. ती नवऱ्याकडे गेलीच तर तेथें तिचा मुक्काम नवऱ्याच्या परवान्यावर अवलंबून असतो. त्याचा परवाना संपला कीं तिचाहि संपतो. ती परकी आहे, म्हणून हें समजण्यासारखें आहे. परंतु त्या देशांत जन्मलेल्या, तेथल्याच स्त्रीची स्थिति काय आहे?

कुवेतचें उदाहरण घ्यावें. त्या राज्यांत १९६३ पासून निवडलेली विधानसभा होती; पण मताचा अधिकार पुरुषांनाच होता. सभा विसर्जित असतांना मे १९९९ मध्यें अमीरानें स्त्रियांना मताधिकार देणारा हुकूम काढला. नवी सभा जमली आणि नोव्हेंबरांत तिनें तो हुकूम फेटाळला. पाठोपाठ सभासदांनीं आणलेलें विधेयकहि ३२ विरुद्ध ३० मतांनीं पडलें. राजानें दिलेलें लोकप्रतिनिधींनीं नाकारलें! त्या नाकारण्यांत कांहींनीं हुकुमाच्या पद्धतीवर बोट ठेवलें, कांहींनीं परंपरेवर. परिणाम एकच झाला. महाडची नगरपालिकाहि लोकांनीं निवडलेली होती आणि तिनेंहि आपला ठराव मागें घेतला होता. निवडणूक असली म्हणजे न्याय असतोच असें नाहीं, कारण ज्यांना मत नाहीं त्यांची भीति उमेदवाराला नसते. अखेर १६ मे २००५ रोजीं कुवेतच्या सभेनें ३५ विरुद्ध २३ मतांनीं स्त्रियांचा अधिकार मान्य केला. २००६ च्या निवडणुकींत एकहि स्त्री निवडून आली नाहीं. २००९ मध्यें चार आल्या. पुढें मे २०२४ मध्यें अमीरानें ती सभाच विसर्जित करून घटनेचीं कांहीं कलमें स्थगित केलीं, आणि स्त्रीपुरुषांचें मत एकदमच थांबलें.

सौदी अरेबियांत स्त्रियांनीं पहिलें मत १२ डिसेंबर २०१५ रोजीं नगरमंडळांच्या निवडणुकींत दिलें. यादींत नांव नोंदविणाऱ्या स्त्रिया सुमारे १ लक्ष ३० हजार होत्या आणि पुरुष सुमारे साडेतेरा लक्ष. एका स्त्रीमागें दहा पुरुष, असें कां व्हावें? स्त्रियांना इच्छा नव्हती, हें सोपें उत्तर झालें. खरी अडचण अशी कीं, नोंदणीसाठीं ओळखपत्र व राहण्याचा पुरावा लागे. आणि घराची मालकी, भाडेचिठ्ठी, कुटुंबाचें कार्ड हें सारें बहुधा वडिलांच्या किंवा पतीच्या नांवावर असे. नोंदणीच्या कचेरीपर्यंत जावयाचें, तर स्त्रीला स्वतः मोटार चालविण्याची मोकळीक २०१८ पर्यंत नव्हती. २०१९ मध्यें एकवीस वर्षांवरील स्त्रीला पालकाच्या परवानगीवांचून पासपोर्ट काढण्याचा, जन्माची व लग्नाची नोंद करण्याचा आणि कुटुंबप्रमुख होण्याचा अधिकार मिळाला. मात्र विवाहांतील पुरुष-पालकत्व २०२२ च्या कायद्यानें लेखी स्वरूपांत कायमच ठेवलें. पोलादपूरचा सात-बारा आणि सौदीचें कुटुंबकार्ड यांची लिपि निराळी, पण दोहोंतली जागा एकाच प्रकारच्या माणसानें अडविलेली आहे.

सर्वांत अवघड गांठ राष्ट्रीयत्वाची. कुवेत, सौदी अरेबिया, कतार, बहारीन, जॉर्डन या राज्यांच्या कायद्यांत मूल बापाचें राष्ट्रीयत्व घेतें. कांहीं अपवाद सोडल्यास आईचें घेत नाहीं. त्या देशाच्या स्त्रीनें परदेशी पुरुषाशीं लग्न केलें, तर तिच्या पोटीं, तिच्याच गांवांत जन्मलेलें मूल तिच्या देशांत परकें ठरतें. शाळा, दवाखाना, नोकरी, मुक्काम यांसाठीं त्या मुलाला सवलतीची वाट पाहावी लागते. उलट बाजूनें, पतीच्या द्वारें मिळालेलें नागरिकत्व किती ठिसूळ असतें, हेंहि कुवेतनेंच दाखविलें आहे. कुवेती पुरुषांशीं लग्न करून रीतसर नागरिक झालेल्या हजारो स्त्रियांचें राष्ट्रीयत्व २०२४ पासून त्या राज्यानें काढून घेतलें. जें दुसऱ्याच्या नांवावरून येतें, तें दुसऱ्याच्या लेखणीनें जातें.

हें ऐकून हिंदी श्रोत्यानें सुस्कारा टाकावा आणि आपण किती पुढें आहों असें मानावें, असें मुळींच नाहीं. इंग्रजी कायद्यानें परदेशी पुरुषाशीं लग्न करणाऱ्या ब्रिटिश स्त्रीचें राष्ट्रीयत्व १९४८ च्या कायद्यापर्यंत हिरावून घेतलें. आणि परदेशांत जन्मलेल्या तिच्या मुलाला तिच्याकडून राष्ट्रीयत्व मिळूं लागलें तें १९८३ पासून. खुद्द भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व-कायद्याचें चौथें कलम काय सांगत होतें? परदेशांत जन्मलेलें मूल वंशानें भारतीय ठरावयाचें, तर त्याचा बाप भारतीय असला पाहिजे. आई भारतीय आहे, तिचें माहेर महाडला आहे, तिची मातृभाषा मराठी आहे, या कशालाहि त्या कलमांत वजन नव्हतें. ही उणीव १९९२ च्या दुरुस्तीनें गेली. १० डिसेंबर १९९२ पासून आई किंवा बाप कोणीहि भारतीय असला तरी चालूं लागलें. प्रजासत्ताक झाल्यावर सदतीस वर्षें जो नियम आपल्या पुस्तकांत होता, तो शेजाऱ्याच्या पुस्तकांत पाहून एकदम रानटी म्हणणें शोभत नाहीं.

आणि राजेशाही असली किंवा इस्लाम असला म्हणजे हें बदलूंच शकत नाहीं, असेंहि नव्हे. मोरोक्कोंत राजा आहे, राजधर्म इस्लाम आहे. तरी त्या देशानें २००७ मध्यें आईकडून मुलाला राष्ट्रीयत्व देणारी दुरुस्ती केली. धर्मग्रंथ तोच होता, सिंहासन तेंच होतें. बदलली ती नोंदीची रीत. तेव्हां अडसर शोधावयाचा तो ग्रंथांत कमी आणि दप्तरांत अधिक. आणि दप्तराच्याहि मागें, दप्तर ज्याच्या हातीं आहे त्याच्या सोईंत.

या अडसराच्या बाजूनें सर्वत्र दोन युक्तिवाद ऐकूं येतात. पहिला असा: घर एक आहे, मग नांव एक पुरे; नवराबायकोंत वांटणी कशाला? यावर एवढेंच विचारावें कीं, घर एक आहे म्हणून एकच नांव पुरत असेल, तर तें नेहमीं एकाच बाजूचें कां? भावाबहिणींचें घरहि एकच असतें. मग हक्कसोडपत्रावर सही करावयाला बहिणीलाच कां बसवितात?

दुसरा युक्तिवाद अधिक लबाड आहे. स्त्रियाच मागत नाहींत, असें तो म्हणतो. कुवेतच्या सभेंत तो झाला, साउथबरो समितीपुढें झाला, आणि कोंकणांतल्या ओटीवर तो आजहि होतो. त्याचें उत्तर चवदार तळ्यानें कधींच देऊन ठेवलें आहे. १९२४ पासून १९२७ पर्यंत ठराव असूनहि लोक तळ्यावर आले नाहींत. म्हणून त्यांना तहान नव्हती असें कोण म्हणेल? तहान होतीच. पाण्याशीं जाणाराची पाठ मोकळी नव्हती. परतल्यावर काय होईल याची भीति होती, आणि ती भीति खोटी नव्हती हें २० मार्चच्या संध्याकाळनें सिद्ध केलें. माहेर तुटेल, भाऊ दुरावेल, वर्षाची साडीचोळी बंद होईल, संकटांत पाठीशीं कोणी राहणार नाहीं, ही बहिणीची भीति याच जातीची आहे. तिनें सही केली, याचा अर्थ तिला हक्क नको होता असा नव्हे. हक्काहून माहेर मोठें आहे, असा तिनें तिच्यापुढें ठेवलेल्या दोन वस्तूंत निवाडा केला. अशी निवड तिच्यापुढें ठेवावीच कां, हा खरा प्रश्न आहे. कारण तीच निवड भावापुढें कोणी ठेवीत नाहीं.

ग्रामपंचायतींतहि हाच अनुभव आहे. १९९३ पासून स्त्रियांना एकतृतीयांश आणि महाराष्ट्रांत २०११ पासून अर्ध्या जागा राखीव आहेत. प्रत्येक नियमित ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची सभा निराळी घ्यावी, असें महाराष्ट्राचा कायदा सांगतो. तरी खुर्चीवर बाई आणि बोलणें नवऱ्याचें, हें दृश्य इतकें ओळखीचें झालें आहे कीं, त्यासाठीं ‘सरपंचपति’ असा शब्दच भाषेंत रूढ झाला. येथें कलम आहे, नोंदहि आहे. अडलें आहे तें तिसऱ्या दारापाशीं. पण हेंहि विसरूं नये कीं, ज्या बाईनें पांच वर्षें नुसत्या सह्या केल्या, तिची मुलगी ती सही कशाची हें विचारूं लागते. दुसरें दार उघडें राहिलें, तर तिसरें कधीं ना कधीं हलतें.

मग शहरांतल्या सुशिक्षित कुटुंबानें काय करावें? त्याला कुवेतचा कायदा बदलतां येणार नाहीं. पण महाड-पोलादपूरचीं शेंकडों कुटुंबें आज मुंबई, ठाणें, पुणें येथें स्थायिक आहेत, आणि गणपतीला व शिमग्याला गांवीं जातात. बहीणहि त्याच सुमारास माहेरीं येते. हक्कसोडपत्राचा कागद बहुधा याच दिवसांत, जेवणें झाल्यावर, सर्वांच्या देखत तिच्यापुढें येतो. तो कागद निदान सणाच्या दिवशीं काढूं नये; तिला आधीं वाचावयाला द्यावा; त्यांत किती क्षेत्र आहे, त्याची आजची किंमत काय, हें तिला सांगावें; आणि तिनें नाहीं म्हटलें तरी पुढच्या वर्षींचें आमंत्रण तसेंच जाईल, असें भावानें आपल्या तोंडानें बोलावें. गांवीं राहून शेत करणाऱ्या वहिनीचें किंवा काकूचें नांव वारसनोंदींत लागलें आहे कीं नाहीं, हें एकदां तलाठ्याच्या दप्तरांत पाहावें. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्यें घर पतिपत्नी दोघांच्या नांवें लावण्याची सोय आहे, ती वापरावी. मुलीच्या लग्नांत तांदळांत नवें नांव लिहावयाचेंच असेल तर तें कौतुकापुरतें लिहावें. दप्तरांतलें नांव तिला विचारल्यावांचून बदलूं नये.

हीं कामें लहान आहेत. यांत परिषद नाहीं, मिरवणूक नाहीं, मार खाण्याचा प्रसंग नाहीं. महाडच्या पायऱ्यांवरून १९२७ सालीं जे उतरले, त्यांनीं यापेक्षां फार मोठी किंमत देऊन एक गोष्ट सिद्ध केली होती: ठराव कितीहि चांगला असला, तरी कोणी जाऊन ओंजळ भरल्यावांचून तें पाणी सर्वांचें होत नाहीं. स्त्रीच्या वाटणीचा ठराव आतां बहुतेक लिहून झाला आहे. तिला पाण्यापर्यंत जाऊं देणें, आणि ती परतेल तेव्हां घराचें दार पूर्वींइतकेंच उघडें ठेवणें, एवढें मात्र अजून घरांतल्या माणसांच्याच हातीं उरलें आहे.